सोलापुरात हरवलेले आठशे मीटर

आधीच सांगून ठेवते. ही पोस्ट वाचून खाली 'अभिनंदन ताई' असं कुणीही लिहू नका. गेल्या काही दिवसांत मला त्या शब्दाचा इतका वीट आलाय की परवा दुकानात एका गिऱ्हाइकाने मुलाच्या लग्नाची पत्रिका दिली, तरी तो शब्द तोंडातून निघेना.

मी पुण्यात ब्लाउज शिवते. चोवीस वर्षं झाली. आणि सहा वर्षांपासून पळते. पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर, मी तीन वेळा पळाले. पहिल्यांदा चार तास नऊ मिनिटं, मग चार तास चार, आणि गेल्या वर्षी चार तास अडतीस सेकंद. अडतीस सेकंद! तेवढ्या वेळात माझं एक हुक लावून होत नाही. चार तासांच्या आत एकदा यायचं, एवढंच माझं मागणं होतं. नंतर गुडघा दुखायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरून सांगितलं की आतली गादी झिजलीये. "शेवटची एक पळा. त्यानंतर दहा किलोमीटरच्या वर गेलात तर माझ्याकडे येऊ नका."

म्हणून ही शेवटची होती. सोलापूर निवडलं कारण रस्ता सपाट आहे, हवा कोरडी आहे आणि फेब्रुवारीत पहाटे गारवा असतो. इतपत सगळं खरं निघालं.

आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमधला मंगेश त्याची गाडी घेऊन निघणार होता. अडतीस वर्षांचा, बँकेत नोकरीला, स्वभावाने चांगला, पण मनगटावरच्या घड्याळाकडे बायकोपेक्षा जास्त बघणारा. (मी नावं ठेवतेय, पण मीही तशीच आहे.) शनिवारी सकाळी सहाला हडपसर सोडलं. रस्ता उत्तम आहे, चारपदरी, इंदापूरपर्यंत डुलकी लागावी असा. टोल दोन-तीन ठिकाणी लागतो, फास्टॅग भरलेला ठेवा. टेंभुर्णीच्या पुढे डाव्या हाताला एका साध्या हॉटेलात थांबलो. तिथली मिसळ घेऊ नका, नुसता लाल रस्सा असतो. त्याऐवजी गरम भाकरी आणि वांग्याची भाजी सांगा, शंभराच्या आत दोघांचं होतं. मोहोळ मागे पडलं की झाडं विरळ होतात, जमीन फिकी दिसायला लागते आणि चिंचोळी एमआयडीसीची शेड सुरू झाली की समजायचं, सोलापूर आलं. साडेदहाला शहरात होतो.

धावण्याचा नंबर घ्यायला एका मंगल कार्यालयात बोलावलं होतं. नंबर मिळाला, वेळ मोजणारी चिप मिळाली, टी-शर्ट मिळाला. टी-शर्ट पुरुषांच्या मापाचा. बायकांचं माप आहे का विचारलं तर टेबलावरचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्ही जरा ढिलाच घ्या की, छान दिसतोय." मी चोवीस वर्षं बायकांची मापं घेतेय आणि हा मला ढिलं घालायला सांगतोय. तिथेच खटका उडायचा, मंगेशने खेचून बाहेर काढलं.

नंबर छातीवर लावायला चार पिना द्यायच्या असतात, त्या संपल्या होत्या. म्हणून नवी पेठेत गेलो. गर्दी अशी की रिक्षा माणसांना ढकलत पुढे सरकते आणि माणसं रिक्षाला. एका काचेच्या बांगड्यांच्या दुकानात पिनांचं पाकीट मागितलं. दुकानदारीण बाई तेलुगूत कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. तो कानाला तसाच ठेवून मला म्हणाल्या, "उद्या पळणार का? आमच्या घरापुढून जाते की तुमची शर्यत. आम्ही सगळे उभे राहतो बघा." पैसे घेतले नाहीत. सोलापूरच्या माणसांबद्दल हे आत्ताच लिहून ठेवते, कारण पुढे मला त्यांच्याविषयी बरंच वाईटसाईट बोलायचंय आणि मग हे राहून जाईल. माणसं मनाने मोठी आहेत. त्या मोठेपणानेच माझा घात केला.

स्टेशनजवळच्या लॉजवर बाराशेत खोली मिळाली, स्वच्छ होती, गरम पाणी पहाटे साडेचारला येईल असं सांगितलं आणि साडेचारलाच आलं. रात्री भात, वरण आणि शेंगा चटणी. शर्यतीच्या आदल्या रात्री चटणी खाऊ नये हे मला माहीत आहे. पण समोर आली तर कोण सोडणार? आठला झोपले.

रविवारी साडेपाचची सुरुवात होती. पाचला मैदानावर पोहोचलो. बायकांसाठी दोन फिरती स्वच्छतागृहं होती, पुरुषांसाठी आठ. बायकांची रांग मैदानाच्या फाटकापर्यंत. मी रांगेत असतानाच मंचावरून सूचना आली की प्रमुख पाहुणे वाटेत आहेत. साडेपाच वाजले, पावणेसहा वाजले. पाहुणे आले. मग पाहुण्यांचा सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. थंडीत हाफ चड्डीवर उभ्या असलेल्या माणसांपुढे पाहुण्यांनी आरोग्याचं महत्त्व सांगितलं. सहा वाजून दहा मिनिटांनी बंदूक उडाली. चाळीस मिनिटं पहाटेचा गारवा आमच्या हातातून गेला, तो दुपारच्या उन्हात वळता होणार हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. माझ्या शेजारी एक बार्शीचे मास्तर होते, ते म्हणाले, "मॅडम, नारळ फुटल्याशिवाय आपल्याकडं गाडीसुद्धा स्टार्ट होत नाही, आपण तर माणसं."

तर रस्ता. शहरातले पहिले पाच किलोमीटर फार सुंदर. बांगड्यांच्या दुकानातल्या बाई खरंच गॅलरीत उभ्या होत्या, ओळखलं की नाही कुणास ठाऊक, पण हात हलवला. मग अक्कलकोट रोड. एका सरळ रेषेत बाहेर जायचं, एकवीस किलोमीटर झाले की वळायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. ज्यांना वळणावळणाचा मार्ग आवडतो त्यांना कंटाळा येईल, मला हेच हवं होतं. दर अडीच किलोमीटरला पाणी, केळी, संत्र्याच्या फोडी, गूळ-शेंगा. एका गावात बायकांनी रस्त्यात रांगोळी काढली होती आणि पळणाऱ्यांनी ती मोडू नये म्हणून त्याच मध्ये उभ्या होत्या. हसू आलं. तोवर मी खूश होते, खोटं कशाला बोलू. किलोमीटरला पाच मिनिटं अडतीस सेकंद, ठरवल्याप्रमाणे. चार तासांसाठी पाच एकेचाळीस पुरतात. गुडघा गप्प होता.

वळण आलं तेव्हा अंतर मोजणाऱ्या माझ्या घड्याळात वीस पूर्णांक सात किलोमीटर दिसत होते.

हे नीट समजून घ्या, कारण सगळं भांडण इथे आहे. वळण एकवीस पूर्णांक एकवर असायला हवं. म्हणजे अजून चारशे मीटर पुढे. पण रस्त्याच्या मधोमध लाल-पांढरं पिंप ठेवलेलं होतं. कडेला मोठं कडुलिंबाचं झाड, खाली पाण्याचं टेबल आणि कॉलेजच्या मुली प्रत्येकाच्या हातात पिवळं रबर अडकवत होत्या. वळून आल्याचा पुरावा म्हणजे ते रबर. इथे चिप वाचणारी चटई नव्हती. पिंपाशेजारी पागोटं बांधलेले एक म्हातारेबाबा काठी घेऊन बसले होते. पुढची सगळी माणसं पिंपाला वळसा घालून परत फिरत होती.

मी पळता पळता ओरडले, "इथंच वळायचं का?"

म्हाताऱ्याने काठी वर केली. "व्हय व्हय! हितंच! वळा सावलीला!"

घड्याळं कधी कधी चुकतात. उपग्रहाचं काही सांगता येत नाही. मी वळले. हे माझं चुकलं, आणि हे मी स्वतःला रोज सांगते. पुढे जायला हवं होतं. पण शे-दोनशे माणसं वळत असताना एकटीने ओसाड रस्त्यावर पुढे धावायला जी छाती लागते, ती माझ्याकडे त्या क्षणी नव्हती.

परतीच्या रस्त्यावर तीस किलोमीटरची पाटी आली तेव्हा घड्याळात एकोणतीस पूर्णांक दोन होते. पाट्या आदल्या दिवशी मोजून लावलेल्या. मग शंका उरली नाही. जाताना चारशे, येताना चारशे. आठशे मीटर कुणीतरी रस्त्यातून कापून घेतले होते.

कापडाचं एक असतं. पाऊण इंच कमी पडलं तर कमी पडलं. गिऱ्हाईक कितीही गोड बोललं, तरी ते पाऊण इंच कुठून येणार? मला एवढा राग आला की दोन किलोमीटर मी ठरवल्यापेक्षा जोरात पळाले आणि त्याची किंमत पुढे मोजली. ऊन चढलं. पस्तिसाव्यानंतर गुडघ्यात कुणीतरी दाभण खुपसायला लागलं. पण डोकं चालू होतं. हिशोब सरळ होता. शेवटच्या कमानीखालून जायचं, थांबायचं नाही, तसंच पुढे पळत राहायचं आणि घड्याळात पूर्ण अंतर दिसलं की बंद करायचं. कमानीपुढे मैदानाचा रस्ता मोकळा होता, मी सकाळी बघितला होता. त्यांची चिप काही म्हणो, मला तर कळेल. चार तासांच्या आत मी आहे की नाही, हे मला कळलं की बास.

कमानीखाली आले तेव्हा तीन तास पंचावन्न मिनिटं वीस सेकंद झाले होते. घड्याळात एकेचाळीस पूर्णांक चार. हातात साडेचार मिनिटांच्या वर थोडा वेळ. शेवटचे दोन किलोमीटर मी सहाच्या वेगाने कण्हत आले होते, त्याच वेगाने गेले असते तर चार तास सहा सेकंद झाले असते. जीव काढला असता तर तीन एकोणसाठ आणि काही सेकंद. खरंच सांगते, दोन्ही शक्य होतं.

मी थांबले नाही.

"पुण्याच्या मॅडम! पन्नाशीतल्या मॅडम! जोरदार टाळ्या!" मंचावरचा माणूस ओरडला. मी एकोणपन्नासची आहे. एक जण पदक घेऊन आडवा आला, त्याला चुकवलं. दुसरी एक मुलगी, गळ्यात प्रथमोपचाराचं कार्ड, माझ्यामागे धावली.

"मॅडम, संपलं! संपलं! थांबा!"

"मला माहीत आहे. सोड."

"मॅडम, तुम्हाला कळत नाहीये. शर्यत संपलीये!" मग मागे वळून, "अहो, या मॅडमना भान नाहीये, धरा कुणीतरी!"

तीन जणांनी मला धरलं. तीन! एकाने एक दंड, दुसऱ्याने दुसरा, आणि तिसऱ्याने पाठीमागून खुर्ची लावली. मी हात झटकत होते, ओरडत होते, आणि जितकी ओरडले तितकी त्यांची खात्री पटत गेली की बाईला ऊन लागलंय. डोक्यावर बर्फाची पिशवी ठेवली. तोंडाला साखर-मिठाचं पाणी लावलं. त्या खुर्चीत, एका अनोळखी माणसाचा हात माझ्या खांद्यावर असताना, घड्याळात चार तास पूर्ण होताना मी बघितले. अंतर एकेचाळीस पूर्णांक पाच.

वर शाल आली. नारळ आला. बायकांत या वयाच्या गटात मी दुसरी होते म्हणे. फोटोत माझ्या डोळ्यांत पाणी दिसतंय, ते आनंदाश्रू म्हणून त्यांनी त्यांच्या पानावर टाकलेत. रागाने रडतेय मी त्यात.

उभं राहता यायला लागल्यावर संयोजकांचं टेबल गाठलं. मुख्य गृहस्थ साठीचे, छातीला मोठा बिल्ला, घसा बसलेला, बहुधा दोन रात्री झोपलेले नसावेत. मी घड्याळ पुढे केलं. "अंतर आठशे मीटर कमी आहे. वळणाचं पिंप चुकीच्या जागी होतं."

"मॅडम, आधी पोहे खाऊन घ्या."

"मला पोहे नकोत."

त्यांनी त्यांच्या यादीत माझा नंबर शोधला. "तीन पंचावन्न! अहो, चार तासांच्या आत आलाय की तुम्ही! मग तक्रार कसली? उशीर झाला असता तर समजलं असतं."

"मी आलेच नाही चार तासांच्या आत. मी पूर्ण पळालेच नाही."

"सगळे खूश आहेत, मॅडम. इकडं बघा." खरंच होतं. मैदानभर माणसं पदकं दातांत धरून फोटो काढत होती. प्रत्येकाची आजवरची सर्वात चांगली वेळ. का नाही येणार? बार्शीचे मास्तर तर एका हातात पोहे घेऊन नाचत होते.

मंगेश तीन एकोणपन्नासला आला होता. त्याची पहिलीच चारच्या आतली. तो माझ्याकडे पळत आला आणि माझा चेहरा बघून थांबला. मी सांगितलं. तो म्हणाला, "ताई, घड्याळाचं असतं हो इकडे-तिकडे."

"तुझ्या घड्याळात किती दिसतंय?"

त्याने घड्याळ बाहीखाली सरकवलं.

मी मैदानाबाहेर जाऊन रिक्षा केली. वळणापर्यंत जाऊन-येऊन सातशे ठरवले. वाटेत रिक्षावाल्याने आरशातून माझ्या छातीवरच्या नंबराकडे बघत विचारलं, "इत्ता भागको आये मॅडम, फिर उधरीच जाना?" मी म्हटलं, "हां. उधर मेरा कुछ रह गया है." त्याने गाडी हळू केली आणि विचारलं, पर्स का? मी म्हटलं, पर्सच समजा.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. माणूस एकटा चुकला तरी बोट गावाकडे दाखवतात आपल्याकडे. साडेअकरा वाजले होते. पोरी, टेबल, टेंपो, सगळं गेलेलं. पिंप मात्र झाडाखालीच होतं आणि म्हातारेबाबा त्याच्याजवळ घोंगडीवर बसून भाकरी खात होते. पंधरा-वीस मेंढरं सावलीत बसलेली. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"या या अक्का! तुमीच न्हवं का सकाळच्याला? लाल टोपीवाल्या? बसा, ताक हाय."

"मामा, हे पिंप कुणी हलवलं?"

"म्याच की." आवाजात अभिमान. "रातच्याला टेंपोवाल्यांनी तितं फुडं ठिवलं हुतं, फक्कीची रेघ मारून. मला म्हनले, बिराप्पा, सकाळपत्तूर राखन कर. म्या राखली. पन सकाळी बघतो तर तितं एक झाड न्हाय, झुडूप न्हाय. मानसं घामानं भिजून येनार, आन् उन्हात वळवायची व्हय? म्या पिंप गडगडवत हितं आनलं. मग त्या पोरी आल्या, म्हनल्या, झ्याक जागा हाय."

"पण कशासाठी?"

ते माझ्याकडे, इतकं साधं कसं कळत नाही, अशा नजरेने बघत राहिले. "अक्का, कळप सावलीलाच वळवायचा असतो. उन्हात वळवला की फुटतो. निम्मी मेंढरं हिकडं, निम्मी तिकडं. माजी सारी हयात गेली त्यात."

"मी मेंढरू नाहीये, मामा!"

"मानसाला तर अजूनच लागतं की."

मग मी बोलले. सगळं बोलले, रस्त्याच्या कडेला उभी राहून. तीन वर्षं पहाटे चारला उठणं, मशीनवर बसून आखडलेले पाय, अडतीस सेकंद, गुडघा, डॉक्टर, ही शेवटची. चारशे मीटर जाताना आणि चारशे येताना. माझा आवाज इतका चढला की मेंढरं उठून उभी राहिली आणि रिक्षावाला खाली उतरला. म्हातारेबाबांनी भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली. त्यांना घड्याळाचं काही कळलं नसावं, पण शेवटची हे कळलं.

"त्येवढ्यानं काय हुतंय, आसं म्हनलो असतो," ते हळू म्हणाले. "न्हाय म्हनत. कुटं हुती रेघ, चला बगू."

आम्ही चालायला लागलो. मी लंगडत, ते काठी टेकत. डांबर तापलेलं. दोन्ही बाजूला कापलेल्या तुरीचं नुसतं धसकट. शंभर पावलं झाली, दोनशे झाली. रेघ दिसेना. म्हातारेबाबा थांबले, पागोट्याच्या शेवाने मान पुसली, पुढे बघितलं, मागे झाडाकडे बघितलं.

"लई लांब हाय की वो."

"मग मी सकाळपासून काय सांगतेय!" मी किंचाळले. त्या शर्यतीच्या दिवसात मला पटेल असं एकच वाक्य मी ऐकलं, ते हे.

रेघ सापडली. गाड्यांच्या चाकांनी निम्मी पुसलेली, पण होती. त्यांनी काठीचं टोक तिच्यावर टेकवलं.

"म्हंजी ह्ये तुमचं ऱ्हायलंच."

"राहिलंच."

"चुकलं माजं, अक्का."

आपल्याकडे असं कुणी म्हटलं की लगेच 'असू द्या हो' म्हणायची रीत आहे. मी म्हटलं नाही. असू देण्यासारखं ते नव्हतंच. पण मी फोन काढला आणि संयोजकांना लावला, कारण आता साक्षीदार होता. फोन म्हातारेबाबांनी स्वतःच मागून घेतला आणि हाळी मारावी तसं बोलले, "सायेब, बिराप्पा बोलतोय. पिंप म्या हलवलंय. ह्या अक्कांचं खरं हाय. हितनं रेघेपत्तूर लई लांब हाय, आमी चालून बगितलं."

पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "बरं बरं मामा. नाश्ता पोचला ना तुम्हाला?"

परतताना ताक प्यायले. रागावर ताकाचा काही उपाय नसतो, पण तहान लागली होती.

दुपारी तीनला मंगेशची गाडी निघाली. चिंचोळीपाशी कारखान्यांची पाळी सुटलेली, बसेस रस्त्यावर वळत होत्या, वीस मिनिटं तिथेच गेली. तिथे मंगेश बोलला.

"ताई, तुम्ही लेखी तक्रार करणार?"

"करणार."

"त्यांनी निकाल रद्द केला तर माझं एकोणपन्नास जाईल."

"तुझं एकोणपन्नास नव्हतंच, मंगेश."

"घरी फोन झालाय. आई पेढे आणतेय." तो स्टिअरिंगकडे बघत बोलत होता. "तुमचं बरं आहे, तुम्ही खऱ्याच्या बाजूने. माझ्या आईला मी काय सांगू, की पेढे आठशे मीटर कमी आणायचे?"

इंदापूरला गाडी थांबवली. तिथे त्याने न विचारता माझ्यासाठी चहा आणला, साखर कमी सांगून. मी तो घेतला. हडपसरला उतरताना तो म्हणाला, "घड्याळात एकेचाळीस चारशेच होते माझ्याही." आणि काच वर केली.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं. जा. सोलापूरला जरूर जा, रस्ता सपाट आहे, माणसं उन्हात तासन्‌तास उभी राहून टाळ्या वाजवतात, असं पुण्यात होत नाही. गूळ-शेंगा पोटाला चालतात. टोपी घ्या, पिना घरून न्या, बायकांनी पहाटे साडेचारलाच मैदान गाठा. पण वळणावर घड्याळ बघा, आणि ते कमी दाखवत असेल तर पुढे जा. सगळे वळत असले तरी पुढे जा. लाजू नका. मी लाजले.

घरी आल्यावर ग्रुपने केक आणला, त्यावर माझं नाव आणि तीन पंचावन्न. मी कापला नाही. नवऱ्याने कापला आणि सगळ्यांना वाटला, नाहीतर पोरं उपाशी गेली असती. रात्री तो म्हणाला, "आता सोडून दे ना. तुला माहीत आहे तू पळू शकतेस." हेच तर मला माहीत नाही! ते माहीत करून घ्यायलाच गेले होते मी. सहा सेकंद इकडे की वीस सेकंद तिकडे, ते मला आता मरेपर्यंत कळणार नाही. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला आणि वर बघितलंच नाही, नुसतं लिहीत राहिले. पुढची पळायची नाही, हे आम्हा दोघांनाही न बोलता समजलं.

मी संयोजकांना सविस्तर लिहिलं. घड्याळाची नोंद जोडली, रेघेचा फोटो जोडला, बिराप्पामामांचं म्हणणं जोडलं. कुणाला दंड नको, पैसे परत नकोत. निकालाच्या यादीवर एवढंच छापा, की यंदा अंतर आठशे मीटर कमी होतं. मी लिहिलं, 'मी स्वतः पूर्ण अंतर धावलेले नाही आणि इतर कुणीही नाही.'

दहा दिवसांनी उत्तर आलं. माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक करून त्यांनी कळवलं होतं की दखल घेतली आहे, अंतिम यादी पाहावी. मी दुकानातच, मशीनवर बसून यादी उघडली. वर कसलीही टीप नव्हती. मंगेश तीन एकोणपन्नास. बार्शीचे मास्तर चार सव्वीस. सगळे होते, सगळ्यांच्या वेळा होत्या. माझं नाव अगदी तळाशी, वेळेच्या जागी एक आडवी रेघ आणि पुढे एक शब्द: अपूर्ण.

मी फोन लावला. बिल्लेवाले गृहस्थच होते. घसा आता बरा झालेला.

"मॅडम, तुम्हीच लिहून दिलंय की पूर्ण अंतर धावलेले नाही. बाकी कुणी असं लिहून दिलं नाही. नियमाप्रमाणे मग आम्हाला..."

मी फोन ठेवला. त्या दिवशी कात्री धरली नाही, नाहीतर कुणाचं तरी कापड वाया गेलं असतं. ओरडायचं होतं, पण दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. मग ती यादी मी पुन्हा पहिल्यापासून वाचली, एकेक नाव, एकेक वेळ, शेवटपर्यंत. तेवढ्या सगळ्यांत एकच ओळ खरी होती, आणि ती माझी होती.